पियानो दुसऱ्याचा, खोलीही दुसऱ्याची, तरी फोटो गाजला: कलाकारांना त्यांच्या कामाच्या जागेत टिपणारी फोटोग्राफी नेमकी काय असते?

पांढऱ्या-करड्या भिंतीसमोर एका ग्रँड पियानोचं भलंमोठं काळं झाकण उघडं आहे. जवळजवळ सगळा फोटो त्या झाकणानेच व्यापलाय. खाली डाव्या कोपऱ्यात, हातावर डोकं टेकवून एक माणूस बसलाय. हा माणूस म्हणजे विसाव्या शतकातले मोठे संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की. फोटो १९४६ सालचा, न्यूयॉर्कमधला आणि फोटोग्राफर अर्नोल्ड न्यूमन.

नीट पाहिलं तर त्या झाकणाचा आकार पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या 'फ्लॅट' या खुणेसारखा, म्हणजे कोमल स्वराच्या चिन्हासारखा दिसतो. संगीतकार आणि त्याचं संगीत एकाच चौकटीत आलं, असं या फोटोबद्दल नेहमी सांगितलं जातं.

पण ती खोली स्ट्राविन्स्कींची नव्हती आणि पियानोही त्यांचा नव्हता. न्यूमन यांनी हा फोटो एका संपादकाच्या अपार्टमेंटमध्ये काढला होता. नंतर त्यांनी तो बराच कापून आजची चौकट तयार केली. ज्या 'हार्पर्स बझार' मासिकासाठी फोटो काढला, त्यांनी तो नाकारला. आज मात्र 'कलाकार त्याच्या भोवतालात' या प्रकाराचं उदाहरण म्हणून सगळ्यात आधी हाच फोटो दाखवला जातो.

इन्स्टाग्रामवर 'स्टुडिओ व्हिजिट'च्या पोस्ट रोज दिसतात. रंगांनी माखलेले हात, खिडकीतून येणारा उजेड, मागे अर्धवट कॅनव्हास. हे सगळं पाहून आपल्याला वाटतं की आता खरा माणूस दिसला. या प्रकाराचा इतिहास पाहिला तर हा 'खरेपणा' बऱ्याचदा मेहनतीने रचलेला असतो आणि त्याची किंमत कधीकधी फोटोतल्या माणसाला मोजावी लागते.

'एन्व्हायर्नमेंटल पोर्ट्रेट' म्हणजे काय?

नावात 'एन्व्हायर्नमेंट' असलं तरी याचा झाडं, नद्या किंवा प्रदूषणाशी संबंध नाही. इथे या शब्दाचा अर्थ भोवताल. साध्या स्टुडिओ पोर्ट्रेटमध्ये मागे कोरा पडदा असतो आणि सगळं लक्ष चेहऱ्यावर असतं. एन्व्हायर्नमेंटल पोर्ट्रेटमध्ये माणूस ज्या जागेत राहतो किंवा काम करतो, ती जागाही तितकीच महत्त्वाची असते. टेबल, हत्यारं, भिंत, पसारा या सगळ्यांनी मिळून माणसाची ओळख करून द्यायची असते.

हा प्रकार सर्वाधिक जोडला गेला तो न्यूमन यांच्याच नावाशी. १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या न्यूमन यांना चित्रकार व्हायचं होतं. पैशांअभावी शिक्षण सोडावं लागलं आणि १९३८ मध्ये ते फिलाडेल्फियातल्या एका स्वस्त स्टुडिओत लागले. तिथे ४९ सेंटमध्ये पोर्ट्रेट मिळायचं. गिऱ्हाइकांची रांग आणि प्रत्येकासाठी काही मिनिटं, असं ते काम होतं.

पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या चित्रकारांचे फोटो काढायला सुरुवात केली. १९४२ मध्ये त्यांनी पीट माँड्रियान यांना टिपलं. सरळ रेषा आणि चौकोनांची चित्रं काढणारे माँड्रियान फोटोत ईझलपाशी उभे आहेत. ईझलचे खांब आणि भिंतीवरचे आयत यांनी चौकट अशी विभागली आहे की फोटोच माँड्रियान यांच्या चित्रासारखा दिसतो. म्हणजे न्यूमन फक्त जागा दाखवत नव्हते, त्या कलाकाराच्या शैलीत फोटोची मांडणीही करत होते. 'एन्व्हायर्नमेंटल' हे लेबल त्यांना स्वतःला फारसं आवडत नसे, त्याचं एक कारण हेच असावं.

भोवताल माणसाच्या विरोधातही बोलू शकतो

जागेची ताकद किती असते हे न्यूमन यांच्या एका वेगळ्या फोटोतून कळतं. हा फोटो कलाकाराचा नाही, जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप यांचा आहे. नाझी काळात गुलाम मजुरांकडून काम करून घेतल्याबद्दल क्रुप यांना १९४८ मध्ये न्युरेंबर्ग इथे १२ वर्षांची शिक्षा झाली होती. १९५१ मध्येच त्यांची सुटका झाली आणि ते पुन्हा कारखान्याचे मालक झाले.

१९६३ मध्ये 'न्यूजवीक'ने न्यूमन यांना क्रुप यांचा फोटो काढायला सांगितलं. न्यूमन ज्यू होते. त्यांनी एसेनमधल्या कारखान्यात क्रुप यांना उंच जागी बसवलं आणि दोन्ही बाजूंनी दिवे लावले. क्रुप यांना थोडं पुढे झुकायला सांगितलं, त्यांनी हात हनुवटीखाली गुंफले आणि न्यूमन यांनी बटण दाबलं. मागे लांबच लांब कारखाना, चेहऱ्यावर हिरवट झाक, डोळे खोल गेलेले. क्रुप यांनी स्वतः पोज दिली, जागाही त्यांचीच होती, पण फोटो त्यांच्यावरचं आरोपपत्र ठरला.

थोडक्यात, कुठल्या कोनातून, कुठल्या उजेडात आणि कुठली चौकट ठेवून जागा दाखवायची हे फोटोग्राफर ठरवतो.

ही रचना नवी नाही

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एडमंड बेनार यांनी नामांकित चित्रकार-शिल्पकारांचे त्यांच्या स्टुडिओतले फोटो काढले होते. गालिचे, भरजरी पडदे, भिंतभर चित्रं आणि मध्ये ऐटीत बसलेला कलाकार. हे फोटो म्हणजे त्या काळातल्या कलाकाराची प्रतिष्ठा दाखवण्याचा मार्ग होता.

१९०२ मध्ये तरुण एडवर्ड स्टायकेन यांनी शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांचा प्रसिद्ध फोटो तयार केला. रोदँ एका बाजूला, समोर 'द थिंकर' आणि मागे व्हिक्टर ह्यूगो यांचं पांढरं शिल्प. स्टुडिओत इतकी गर्दी होती की स्टायकेन यांना हे सगळं एका चौकटीत घेता येईना. त्यांनी दोन वेगळ्या निगेटिव्ह काढल्या आणि जोडून एक चित्र बनवलं. फोटोशॉप यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पोलॉक आणि कॅमेरा: १९५० चा उन्हाळा

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं आणि सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांचं आहे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या गावात, घरामागच्या लाकडी कोठारात ते काम करायचे. कॅनव्हास जमिनीवर पसरायचा आणि भोवती फिरत काडीने किंवा सुकलेल्या ब्रशने रंग ठिबकवायचा, ही त्यांची पद्धत.

१९५० च्या जुलैत हान्स नामुथ हे फोटोग्राफर तिथे पोहोचले. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी ५०० हून अधिक फोटो काढले. कोठारात उजेड कमी होता, त्यामुळे शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागे आणि पोलॉक यांचे हात-पाय फोटोत पुसट यायचे. तांत्रिक अडचणीतून आलेली ही धूसरता पुढे या फोटोंची ओळख बनली. स्थिर चित्रामागे केवढी हालचाल आहे, हे लोकांना पहिल्यांदा दिसलं. १९५१ मध्ये हे फोटो छापून आले. पुढच्याच वर्षी समीक्षक हॅरॉल्ड रोझेनबर्ग यांनी 'अ‍ॅक्शन पेंटिंग' हा शब्द रूढ केला आणि लोकांच्या मनात त्या शब्दाला चेहरा मिळाला तो नामुथ यांच्या फोटोंमुळे.

नामुथ यांना मात्र फोटो पुरेसे वाटेनात. त्यांनी पॉल फाल्केनबर्ग यांच्यासोबत रंगीत फिल्म करायचं ठरवलं. कोठारात दिव्यांची सोय परवडणारी नव्हती, म्हणून चित्रीकरण उघड्यावर झालं. चित्र आकार घेताना पोलॉक यांचा चेहराही दिसावा म्हणून काचेवर रंगवायचं ठरलं. नामुथ काचेखाली जमिनीवर आडवे पडले, पोलॉक वरून रंग टाकत राहिले. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं हे आता कॅमेऱ्याच्या सोयीने ठरत होतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस, कडाक्याच्या थंडीत शेवटचं शूटिंग संपलं. पोलॉक घरात शिरले आणि त्यांनी व्हिस्कीचा ग्लास भरला. सुमारे दोन वर्षं ते दारूपासून लांब होते. त्याच रात्री पाहुण्यांसमोर त्यांनी जेवणाचं टेबल उलथून टाकल्याचं त्यांच्या चरित्रांमध्ये नोंदलेलं आहे. त्यानंतर दारू पुन्हा सुटली नाही. ११ ऑगस्ट १९५६ रोजी दारूच्या नशेत गाडी चालवताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.

याचं सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडणं बरोबर नाही. पोलॉक यांचं व्यसन जुनं होतं आणि मनावरचे ताणही अनेक होते. पण एकांतात करायची गोष्ट महिनोन्‌महिने कुणाच्या तरी सूचनांवर करून दाखवावी लागली की काय होतं, हा प्रश्न या प्रकरणाने कायमचा मागे ठेवला. आज रील्ससाठी रोज 'प्रोसेस व्हिडिओ' टाकणाऱ्या कुठल्याही तरुण चित्रकाराला हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

मागे बसलेली बाई कोण?

नामुथ यांच्या काही फोटोंमध्ये पोलॉक रंगवतायत आणि मागे स्टुलावर एक स्त्री बसून पाहतेय. ही त्यांची पत्नी ली क्रास्नर. फोटोवरून ती फक्त प्रेक्षक वाटते.

प्रत्यक्षात क्रास्नर स्वतः चित्रकार होत्या आणि न्यूयॉर्कच्या कलावर्तुळात पोलॉक यांच्याआधीपासून वावरत होत्या. कोठार पोलॉक यांच्याकडे होतं, क्रास्नर घरातल्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत काम करायच्या. खोलीच लहान, त्यामुळे कॅनव्हासही लहान. पोलॉक यांच्या मृत्यूनंतर त्यांनी कोठारात काम सुरू केलं आणि त्यांची चित्रं आकाराने मोठी होत गेली.

आज ते घर आणि कोठार संग्रहालय आहे. मऊ चपला घालून आत जावं लागतं, कारण जमिनीवर पोलॉक यांच्या रंगांचे शिंतोडे अजून आहेत आणि भिंतींवर क्रास्नर यांच्या रंगांच्या खुणा. दोघांनीही त्या जागेत काम केलं, पण जगभर पसरलेला फोटो एकाच्याच कामाचा आहे. भोवताल टिपताना कुणाचं काम मध्यभागी आलं आणि कोण कोपऱ्यात राहिलं, हेही म्हणूनच पाहायला हवं.

काही कलाकार कॅमेऱ्यालाच खेळवतात

पाब्लो पिकासो यांना कॅमेऱ्याचं गणित पक्कं ठाऊक होतं. १९३२ मध्ये ब्रासाई यांनी त्यांच्या स्टुडिओंचे फोटो काढले आणि ते पुढच्या वर्षी 'मिनोतॉर' मासिकाच्या पहिल्या अंकात आले. १९३७ मध्ये डोरा मार यांनी 'गेर्निका' रंगवलं जात असताना त्याच्या एकेका टप्प्याचे फोटो काढले. चित्र कसं बदलत गेलं, हे आज कळतं ते या फोटोंमुळेच. म्हणजे स्टुडिओतला फोटो इतिहासाचा पुरावाही ठरतो.

१९४९ मध्ये 'लाइफ'चे फोटोग्राफर ज्यॉन मिली फ्रान्समधल्या व्हालोरिस इथे पिकासोंना भेटले. खोली अंधारी केली, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवलं आणि पिकासोंनी हातातल्या छोट्या दिव्याने हवेत चित्र काढलं. दिव्याची वाट फिल्मवर उमटत गेली आणि फ्लॅशच्या क्षणात पिकासो टिपले गेले. त्या चित्राला ना कागद, ना कॅनव्हास. ते फक्त फोटोतच आहे.

शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी यांनी तर दुसऱ्यावर विसंबायचंच नाही असं ठरवलं. आपल्या शिल्पांचे इतरांनी काढलेले फोटो त्यांना पटत नसत, म्हणून मान रे यांच्या मदतीने ते स्वतः फोटोग्राफी शिकले. स्टुडिओत कुठलं शिल्प कुठे ठेवायचं, ऊन कुठून घ्यायचं हे तेच ठरवायचे. मृत्यूआधी, १९५६ मध्ये त्यांनी संपूर्ण स्टुडिओच फ्रेंच सरकारला दिला.

भारतात काय घडलं?

भारतातली काही महत्त्वाची उदाहरणं वेगळ्या वाटेची आहेत. इथे फोटोग्राफर एका दिवसासाठी आला आणि निघून गेला, असं झालं नाही.

*निमाई घोष आणि सत्यजित राय:* कोलकात्यातले रंगकर्मी निमाई घोष यांच्या हाती योगायोगाने एक कॅमेरा आला. कुणीतरी तो टॅक्सीत विसरलं होतं. 'गुपी गाइन बाघा बाइन'च्या चित्रीकरणाला गेल्यावर त्यांनी राय यांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि १९९२ मध्ये राय यांच्या निधनापर्यंत ते काढत राहिले. पटकथा लिहिणारे, पोशाखांची रेखाटनं करणारे, संगीत रचणारे, कॅमेऱ्यामागे वाकलेले राय त्यात दिसतात. जवळजवळ पाव शतक एकाच माणसाचं काम टिपल्याची अशी उदाहरणं जगात थोडीच आहेत.

*दयानिता सिंह आणि झाकीर हुसेन:* मुंबईत जन्मलेल्या उस्ताद झाकीर हुसेन यांची ओळख जगाला मंचावरची. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या दयानिता सिंह १९८१ मध्ये त्यांच्या मैफलीचे फोटो काढायला गेल्या, तेव्हा आयोजकांनी त्यांना अडवलं. त्या मागे हटल्या नाहीत, थेट उस्तादांनाच भेटल्या. पुढे सहा हिवाळे त्या त्यांच्या दौऱ्यांसोबत फिरल्या. त्यातून १९८६ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक 'झाकीर हुसेन' तयार झालं. तबलजीची कामाची जागा कुठली? मंच तर आहेच, पण ग्रीनरूम, प्रवास, घर आणि रियाजही आहे. एकाग्रता आणि रियाज आपण झाकीरभाईंकडून शिकलो, असं दयानिता सांगत आल्या आहेत. २०२२ मध्ये त्यांना फोटोग्राफीतला मानाचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

*ज्योती भट्ट आणि गावाकडच्या भिंती:* बडोद्यातले चित्रकार-मुद्राचित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरात, राजस्थान आणि इतर राज्यांतल्या खेड्यांत फिरून भिंतीवर, अंगणात चित्रं काढणाऱ्या स्त्रियांचे फोटो काढले. या कलाकारांना वेगळा स्टुडिओ नव्हता, घर हीच त्यांची कामाची जागा. भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. आज त्यातल्या कितीतरी चित्रांची आणि ती काढणाऱ्या हातांची एकमेव नोंद म्हणजे हे फोटो.

गोव्याचाही एक धागा या इतिहासात आहे. साळगावात जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले. तिथल्या कलाकारांना टिपणाऱ्या इडा कार यांनी सूझांचेही फोटो काढले. १९६० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत कार यांचं मोठं एकल प्रदर्शन भरलं. फोटोग्राफीला कला मानायला तिथल्या गॅलऱ्या तयार नव्हत्या, त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

असा फोटो काढायचा तर?

मोबाइलवर हा प्रयोग करून पाहायचा असेल, तर आधी पोर्ट्रेट मोड बंद करा. तो मोड मागचं सगळं धूसर करतो आणि इथे तर मागचंच दाखवायचं असतं.

– लेन्स: फोनचा मुख्य कॅमेरा वापरा. 'अल्ट्रा-वाइड'मध्ये खोली पूर्ण येते, पण कडेला आलेला चेहरा ताणल्यासारखा दिसतो.
– फोकस: वेगळा कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र लहान ठेवा (एफ/८ किंवा एफ/११). त्यामुळे माणूस आणि मागच्या वस्तू दोन्ही स्पष्ट येतात. उजेड कमी पडला तर ट्रायपॉड लावा.
– उजेड: कलाकार ज्या उजेडात काम करतो, त्यातच फोटो काढायचा प्रयत्न करा. कुंभाराची ओसरी आणि सतारमेकरचं दुकान यांचा उजेड सारखा नसतो.
– पसारा: आवरायची घाई नको. पण काय ठेवायचं आणि काय चौकटीबाहेर जाऊ द्यायचं, हे विचारपूर्वक ठरवा.
– वेळ: पहिल्या भेटीत कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. माणूस कामाला लागला की पोज आपोआप गळून पडते.

फोटो कुणाचा?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता फोटोग्राफर असतो आणि सहसा हक्कही त्याचाच. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. शिवाय मागे दिसणाऱ्या चित्राचा कॉपीराइट स्वतंत्र असतो. म्हणून फोटो कुठे आणि कशासाठी वापरणार, याबद्दल कलाकाराशी आधीच बोलून घेतलेलं बरं.

पुढच्या वेळी असा फोटो दिसला तर

स्क्रोल करण्याआधी चार गोष्टी पाहा. जागा खरंच त्या कलाकाराची आहे की आणलेली? तो काम करतोय की करून दाखवतोय? फोटोग्राफर तिथे तासभर होता की वर्षानुवर्षं? आणि कोपऱ्यात कोण आहे, ज्याचं नाव कॅप्शनमध्ये नाही?

उत्तरं काहीही आली तरी फोटो लगेच खोटा ठरत नाही. स्ट्राविन्स्कींचा पियानो त्यांचा नव्हता, तरी तो फोटो संगीताबद्दल बरंच काही सांगतो. पोलॉक यांचे फोटो अस्सल वाटतात, पण ते घडवताना काय झालं हे चौकटीत दिसत नाही. स्प्रिंग्जच्या कोठारातली मागे बसलेली ती बाई चित्रकार होती, हे तर फोटोबाहेरून वाचल्याशिवाय कळतच नाही.